सोसायटीच्या नव्या सेक्रेटरीला, दिवाळीआधी

सेक्रेटरी झालास म्हणे, आणि तेही बिनविरोध. बिनविरोध का, ते तुला नरकचतुर्दशीच्या पहाटे कळेल, जेव्हा चौथ्या मजल्यावरचे काका साडेचारला सुतळी बॉम्ब लावतील आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू तुझ्या दाराची बेल वाजवतील. म्हणून आत्ताच सांगून ठेवते. कलेक्टर कचेरीच्या गृह शाखेत माझी बरीच नोकरी गेली. दिवाळी जवळ आली की फटाका परवान्यांच्या फायली माझ्याच टेबलावर यायच्या. तेव्हाचं शहाणपण पेन्शनबरोबर मिळत नाही, ते कुणाच्या तरी कानात घालावं लागतं.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं कर. घरच्या हौसेपुरते फटाके आणायला आणि उडवायला परवाना लागत नाही. लोक याचा अर्थ काढतात की घरच्या फटाक्याला नियमच नाही. खरं उलटं आहे. दुकानदाराला आम्ही आधी विचारायचो: जागेचा नकाशा आण, अग्निशमनचं ना-हरकत आण, पोलिसांचा अहवाल येऊ दे. त्याची चूक कागदावरच पकडली जायची. तुला आधी कुणी काही विचारत नाही. विचारतात ते सगळं उरकल्यावर, पडदा जळाल्यावर किंवा कुणाचा डोळा गेल्यावर. आणि ते विचारणं पोलीस ठाण्यात होतं. स्फोटक पदार्थाबाबत निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८८ लागतं: सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पोलिसांचा जाहीर आदेश मोडला तर कलम २२३. जुनी मंडळी अजून २८६ आणि १८८ म्हणतात, ते आकडे १ जुलै २०२४पासून गेले.

आता वेळ. भांडणं सगळी वेळेवरूनच होतात, म्हणून इथे जरा थांबते.

रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचा फटाका वाजवायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली हे सांगितलं आणि पुढे ध्वनिप्रदूषणाच्या नियमांतही ते आलं. त्यानंतर २३ ऑक्टोबर २०१८चा मोठा निकाल आला. त्यात दिवाळी आणि अशा इतर सणांना रात्री आठ ते दहा एवढीच वेळ ठेवली; नाताळ आणि नववर्षाच्या रात्री ११.५५ ते १२.३०. हे फक्त दिल्लीसाठी आहे, असं म्हणणारा एक तरी सभासद तुला भेटेल. त्याला सांग, फटाक्यांबाबतचे आपले निर्देश साऱ्या देशाला लागू आहेत, असं न्यायालयाने नोव्हेंबर २०२३मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने मुंबई महानगर क्षेत्रासाठी आधी संध्याकाळी सात ते दहा अशी वेळ दिली आणि हवा सुधारेना म्हणून चार दिवसांत ती आठ ते दहावर आणली.

यात आपली, म्हणजे मराठी माणसाची, एक खरी अडचण आहे आणि ती मला मान्य आहे. आपला फटाका संध्याकाळचा नाहीच मुळी. तो अभ्यंगस्नानानंतरचा, उटण्याचा वास अंगाला असतानाचा. गोव्यात तर नरकासुर जाळायचा तोच पहाटे. उत्तरेकडच्या लक्ष्मीपूजनाला आठ ते दहा ही वेळ चपखल बसते, आपल्या पहाटेला बसत नाही. तामिळनाडूचीही दिवाळी पहाटेची. ते राज्य न्यायालयात गेलं. न्यायालयाने सांगितलं, एकूण दोनच तास, पण ते कोणते हे राज्याने ठरवावं. मग त्यांनी सकाळी सहा ते सात आणि संध्याकाळी सात ते आठ असे दोन तुकडे केले. तेव्हा पहाटेच्या फटाक्यासाठी भांडायचंच असेल तर ते सरकारदरबारी भांडायचं असतं, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाही. सर्वसाधारण सभेने ठराव करून पहाटे पाचची वेळ मंजूर केली, असं मात्र कधी होऊ देऊ नकोस. कायद्याने दिलेली वेळ सभा आखडू शकते, वाढवू शकत नाही. पहाटे कारीट फोडा म्हणावं, त्याला डेसिबलची मर्यादा नाही.

दरवर्षी दिवाळीच्या आधी पोलीस आयुक्तालयाचा आदेश निघतो. पेपरात छोटी बातमी येते आणि लोक ती वाचत नाहीत. ती कापून ठेव. तुमचं वाकड पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात, तुझी सासुरवाडी कोथरूडची, म्हणजे पुणे शहर आयुक्तालयात. दोन्हीकडचे आदेश वेगवेगळे निघतात, आणि सासरेबुवांनी सांगितलेला नियम तुझ्या गेटवर चालेलच असं नाही. आयुक्तालय नाही तिथे, म्हणजे आपल्या गावाकडे साताऱ्याला, जिल्हादंडाधिकारी म्हणून कलेक्टरांचा आदेश बघायचा.

जागेचं थोडक्यात. इस्पितळ, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवती किमान शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असतो, तिथे आवाजाचा फटाका दिवसाही नाही. तुमच्या मागच्या गल्लीत प्रसूतिगृह आहे ना? पाटी बघून ये. बंद पार्किंगमध्ये भुईचक्रसुद्धा नको, तिथे पेट्रोलच्या गाड्या आहेत आणि आता चार्जिंगचे पॉइंटही आहेत. गच्चीवरून बाण सोडायचे नाहीत. बाण वरून सुटला की कुणाच्या बाल्कनीत उतरेल ते सोडणाऱ्याच्या हातात राहत नाही. कागदाचे उडते कंदील मुंबईसह कित्येक शहरांत पोलिसांनी आदेश काढून बंद केले आहेत, ते कुणी हौसेने आणले तर परत करायला लाव. सोसायटीत एकच मोकळी जागा ठरव, अग्निशमनच्या गाडीची वाट न अडवणारी. हे माझ्या मनाचं नाही. ठरावीक मैदानात सगळ्यांनी मिळून फटाके उडवावेत, अशी शक्यता सरकारांनी तपासावी, हे २०१८च्या निकालातच आहे. सभेत कुणी वाद घातला तर तेवढंच वाक्य पुरतं.

आता खोका. फटाका विकत घेताना लोक चित्र बघतात, तू मागची बाजू बघत जा. देशात चालतात ते फक्त ग्रीन फटाके. ते नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केले. स्फोटकांचा परवाना देणारं देशाचं मुख्य कार्यालय, पेसो, तेही नागपूरलाच, म्हणजे शिवकाशीत बनणाऱ्या फटाक्याचं नशीब आपल्या विदर्भात ठरतं. खोक्यावर ग्रीनची खूण आणि क्यूआर कोड असतो, तो मोबाईलवर तपासून बघ. नुसती हिरवी पट्टी छापलेले नकली खोके बाजारात आहेत. आणि ग्रीन म्हणजे निर्मळ असं मुलांना शिकवू नका. धुरातले कण साधारण तीस टक्के कमी, एवढाच त्याचा दावा. बेरियमचे क्षार घातलेल्या फटाक्यांना बंदी आहे. परदेशी, विशेषतः चिनी फटाका स्वस्त मिळाला तरी हात लावू नकोस. गंधक आणि क्लोरेट यांच्या मिश्रणाची स्फोटकं आपल्याकडे १९९२पासून बंद आहेत, कारण ते मिश्रण नुसत्या घर्षणानेही पेट घेतं. चोरट्या मालात नेमकं तेच सापडतं.

आवाजाची मर्यादा १९९९ची आहे: फटाका फुटतो तिथून चार मीटरवर १२५ डेसिबल. डेसिबल मोजायचं यंत्र तुझ्याकडे नसणार आणि मोबाईलमधल्या अॅपवर पोलीस विश्वास ठेवत नाहीत, त्यामुळे या आकड्याचा उपयोग एवढाच की खोक्यावर तो छापलेला आहे की नाही ते बघायचं. माळेसाठी तर गणित होतं. जितके फटाके जोडलेले तितकी मर्यादा खाली यायची: शंभराच्या माळेला दहा डेसिबल कमी, हजाराच्या माळेला पंधरा, दहा हजारांच्या माळेला वीस. म्हणजे मिरवणुकीत रस्ता अडवून लागणाऱ्या दहाहजारीला १०५चीच परवानगी होती. ते कुणी कधी पाळलं असेल असं मला वाटत नाही. शेवटी २०१८ला न्यायालयाने माळच बंद केली आणि २०२१ला पुन्हा बजावून सांगितलं. तरीही ती विकायला असते. दुकानात मिळते म्हणून ती कायदेशीर, हा समज सभासदांच्या डोक्यातून काढणं हे तुझं निम्मं काम.

एक गोष्ट कायद्याच्या पुस्तकात नाही, ती मी सांगते. नागगोळी बिनआवाजाची, म्हणून आज्या नातवंडांना आधी तीच देतात. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ साली फटाक्यांचा धूर मोजला तेव्हा सूक्ष्म कणांत नागगोळी पहिली आली, हजाराची माळ तिच्या मागे. नागगोळीचा आकडा ६४,५०० मायक्रोग्रॅम, फुलबाजीचा १०,३९०, भुईनळ्याचा ४,८६०. आपला कायदा बराचसा कानाने लिहिलेला आहे, फुप्फुसांकडे त्याचं लक्ष उशिरा गेलं. तुमच्याकडच्या दम्याच्या मुलासाठी आवाजाचा नव्हे, नागगोळीचा बंदोबस्त कर.

दुकान कसं ओळखायचं हेही सांगते, कारण त्या अटी मला अजून तोंडपाठ आहेत. तात्पुरतं दुकान न पेटणाऱ्या सामानाचं, बंदिस्त असलं पाहिजे. दोन दुकानांत निदान तीन मीटर अंतर, वस्तीपासून आणि इतर संरक्षित बांधकामांपासून पन्नास मीटर. दुकानं समोरासमोर नकोत. तेलाचा दिवा, गॅसबत्ती, उघडी ज्योत काही नाही. बल्ब भिंतीला किंवा छताला घट्ट बसवलेला, वायरला लोंबकळणारा नव्हे. बटणंही भिंतीला पक्की, आणि रांगेला एक मुख्य स्विच. एका ठिकाणी पन्नासांहून जास्त दुकानं नाहीत. तेव्हाच्या औरंगाबादेत २९ ऑक्टोबर २०१६ला जिल्हा परिषदेच्या मैदानावर फटाक्यांचा बाजार पेटला आणि शंभराहून अधिक दुकानांची राख झाली. एकाला एक खेटून उभी राहिलेली दुकानं कशी पेटतात, ते सगळ्या महाराष्ट्राने तेव्हा टीव्हीवर पाहिलं. तेव्हा मंडपाच्या कापडाखाली, डोक्यावर बल्ब झुलत असलेल्या स्टॉलवर दहा टक्के सूट मिळत असेल तर ती त्यालाच लखलाभ. परवाना दर्शनी लावलेला बघ, पक्कं बिल घे. ऑनलाइन विक्री २०१८पासून बंद आहे, तेव्हा घरपोच फटाक्यांचा मेसेज ग्रुपवर आला तर पुढे पाठवू नका.

तुझ्या कमिटीतल्या उत्साही मंडळींची एक कल्पना मला आत्ताच ऐकू येतेय. सगळ्यांचे पैसे गोळा करू, घाऊक बाजारातून टेम्पो भरून आणू, ना नफा ना तोटा वाटू. करू नका. पैसे घेऊन माल दिला की ती विक्री, नफा झाला नाही म्हणून तिला दुसरं नाव मिळत नाही, आणि विक्रीला परवाना लागतो. शिवाय तो माल वाटेपर्यंत ठेवणार कुठे? क्लब हाउसमध्ये नाहीतर मीटर रूममध्ये. मीटर रूममध्ये फटाक्यांचे खोके, ही कल्पनाच मला सहन होत नाही. ज्याने त्याने आपापले आणावेत, थोडे आणावेत, त्याच आठवड्यात संपवावेत. उरलेली पिशवी माळ्यावर टाकून पुढच्या वर्षी काढायची नाही. दमट झालेला फटाका विझला असं वाटतं आणि वाकून बघायला गेलं की फुटतो.

गावी नेतानाही जपून. रेल्वेत फटाके नेणं हा गुन्हा आहे, रेल्वे कायद्याचं कलम १६४: तीन वर्षांपर्यंत कैद, हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही, वर झालेल्या नुकसानीची भरपाई. एसटीतही नाही, विमानात तर सुट्या फुलबाज्यासुद्धा नाहीत, कुरिअरने नाही. सातारला गेलात की तिथेच घ्या.

मुलांचं. स्फोटक कायदा १८८४चा, राणीच्या राज्यातला, पण त्यातलं एक कलम मला फार शहाणं वाटतं: अठरा वर्षांखालच्याने स्फोटकं बाळगायची नाहीत आणि दुकानदारानेही त्याला विकायची नाहीत. म्हणजे सहावीतल्या पोराच्या हातात पाचशेची नोट देऊन ‘जा, घेऊन ये’ म्हणणारा बाप आणि तो माल देणारा दुकानदार, दोघंही चुकतात. पोरांबरोबर मोठं माणूस उभं हवं आणि त्या माणसाच्या हातात मोबाईल नको. सुती कपडे, पायात चपला-बूट, पाण्याची बादली, वाळूची बादली, लांब उदबत्ती. भाजलं तर वीसेक मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरायचं. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नाही. डोळ्यात गेलं तर चोळायचं नाही, धावायचं ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

आता तुझ्या घरचं कार्य. डिसेंबरात लग्न आहे, आणि लॉन्सवाला पॅकेजमध्ये आतषबाजी फुकट देतो म्हणालास. फुकट काही नसतं, पण तो मुद्दा वेगळा. दारात चार भुईनळे लावणं ही घरगुती हौस. भाड्याने माणसं आणून पाच मिनिटं आकाश उजळवणं ही जाहीर आतषबाजी. तिला आयुक्तालयाची किंवा कलेक्टर कचेरीची परवानगी लागते, पोलीस ठाण्याचं आणि अग्निशमनचं ना-हरकत लागतं. वरात रस्त्यावरून जाणार असेल तर पोलीस ठाण्याची परवानगी वेगळी. लॉन्सवाला म्हणेल, आमचं सगळं असतं. तोंडी ऐकू नकोस, तुमच्या तारखेच्या परवानगीची प्रत माग. परवानगी त्याच्या नावावर की तुमच्या, हेही करारात लिहून घे. तो गडबडला तर आतषबाजी रद्द करून त्या पैशांत एक गोड पदार्थ वाढव, वऱ्हाडी तुला दुवा देतील. दहा वाजले की संपलं, मग घोड्यावरचा नवरदेव मंडपाच्या दारापाशी पोचला असो वा नसो.

परवानगी हा नुसता कागद असं वाटत असेल तर केरळातलं पुट्टिंगल आठव. कोल्लम जिल्ह्यात, परवूरच्या देवळात १० एप्रिल २०१६च्या पहाटे फटाक्यांचा साठा उडाला आणि शंभराहून जास्त माणसं गेली. तिथे दोन बाजूंची आतषबाजीची स्पर्धा व्हायची. जिल्हा प्रशासनाने तिला परवानगी नाकारली होती. नकाराचा कागद तयार होता, उत्सव तरीही झाला. आम्हा कारकुनांना लोक हसतात ते ‘नाही’ म्हणतो म्हणून. त्या एका फायलीवर ‘नाही’ लिहिणारं कुणी तरी होतं, हे मी विसरत नाही.

तुझ्या लंडनच्या ताईला दिवाळीच्या फोटोंवरून वाईट वाटतं, तिला सांग की तिकडचा कायदा आपल्यापेक्षा उदार आहे. एरवी रात्री अकरा ते सकाळी सात बंदी, पण दिवाळीच्या रात्री एक वाजेपर्यंत सूट, आणि ती दिवाळीचं नाव घेऊन कायद्यात लिहिलेली. अमेरिकेत मात्र राज्यागणिक नियम बदलतात. न्यू जर्सीत, जिथे आपली एवढी माणसं आहेत, २०१७पासून फुलबाज्या चालतात. फुटणारा किंवा आकाशात जाणारा फटाका सामान्य माणसाला अजूनही नाही.

राहता राहिला तो सुतळी बॉम्बवाला. त्याच्याशी गच्चीवर जाऊन भांडू नकोस, तू सेक्रेटरी आहेस, फौजदार नाहीस. आधी नोटीस, मग एकदा प्रत्यक्ष गोडीत बोलणं, तेही दिवाळीच्या आधी, बॉम्ब हातात असताना नव्हे. तरी वाजला तर वेळ टिपून ११२ला फोन. पोलीस येतात. हद्दीत आदेश मोडला गेला तर ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला व्यक्तिशः जबाबदार धरण्याचं २०१८च्या निकालात म्हटलंय, त्यामुळे लिहून ठेवलेल्या तक्रारीकडे दुर्लक्ष करणं त्यांनाही परवडत नाही. तक्रार कुणी केली हे ग्रुपवर सांगायचं नाही. काकूंनाही तशी तंबी दे.

नोटीस मराठीत काढ, खाली हिंदी-इंग्रजी. वेळ, जागा, माळेला बंदी, गच्चीला कुलूप, बादल्या कुठे आहेत आणि ११२, १०१, १०८ हे तीन आकडे, बस. ‘सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात अत्यंत आनंद होतो की’ वगैरे नको, दुसऱ्या ओळीपर्यंत कुणी वाचत नाही. लिफ्टच्या आत लाव, तिथे माणूस दुसरं काही वाचू शकत नाही. लावलेल्या नोटिशीचा तारखेसह फोटो काढून ठेव आणि सही एकट्याची करू नकोस. अध्यक्ष म्हणतील, ‘तूच कर, माझं काय काम.’ त्यांच्या घरी फराळाला जा, चकल्या संपेपर्यंत कागद काढू नकोस, मग पेन पुढे कर.